सुट्टीत बंद घरं, रात्रगस्त आणि पोलीस ठाणं: नेमकं कुणाकडे काय मागायचं?

रोहाऊस_सचिव यांचा प्रश्न

तालुक्याचं गाव. हायवेला लागून वाढलेली वसाहत, ६४ रो-हाऊस. हद्द ग्रामपंचायतीची, पोलीस ठाणं सात किलोमीटरवर. मे महिन्यात आणि दिवाळीत निम्म्या घरांना कुलूप असतं. शेजारच्या दोन वसाहतींत दोन महिन्यांत पाच घरफोड्या झाल्या. पाचही बंद घरांत, पाचही कडी-कोयंडा उचकटून.

रविवारी बैठक आहे, त्याआधी जाणकारांकडून हवंय:

रात्रगस्तीचा अर्ज कुणाच्या नावे द्यायचा आणि त्यात काय लिहायचं? कॅमेरे घ्यायचे तर कोणते आणि कुठे? (आठ कॅमेऱ्यांपर्यंत खर्च झेपेल.) आणि चोरी झालीच तर ठाण्यात काय व्हायला हवं? त्या पाचांपैकी एका घराला 'तक्रार अर्ज देऊन ठेवा, बघतो' एवढंच उत्तर मिळालं, ते बरोबर आहे का?

---

कडीकोयंडा

बैठकीत पहिला विषय दाराचा घ्या. कॅमेऱ्यावर तासभर चर्चा होते आणि दार तसंच राहतं.

बातमीत 'कुलूप तोडून' असं छापतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा कुलूप शाबूत असतं, उखडलेल्या कोयंड्याला लटकत. तुमचं सात लिव्हरचं कुलूप कितीही भारी असो, कडी-कोयंडा बसलेला असतो चार पाऊण इंची स्क्रूंवर. फ्लश डोअरच्या कडेला जेमतेम दीड-दोन इंचांची लाकडी पट्टी असते. त्यात ते स्क्रू सुताराने हातोडीनेच ठोकलेले असतात, शेवटचे दोन फेरे फक्त स्क्रू-ड्रायव्हरने. कटावणी कोयंड्यामागे सारून एक हिसका दिला की स्क्रू लाकडाचा भुसा घेऊन बाहेर येतात. नारळ फोडण्याइतकाही आवाज होत नाही.

उपाय स्वस्त आहे. स्क्रू काढा, आरपार बोल्ट घाला. ८ मिमीचे कॅरेज बोल्ट घ्यायचे. त्यांचं डोकं गोल घुमटासारखं असतं, बाहेरून पाना धरत नाही. दार ३० ते ३५ मिमी जाड असतं, म्हणून लांबी ५० मिमी पुरते. आतल्या बाजूला सुट्टे वॉशर लावू नका. ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी लावून त्यावर नट आवळा, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पट्टीभर वाटली जाते. उरलेला आटा कापून घ्या. एक अडचण येते: बाजारातल्या साध्या कडीची भोकं ५ मिमीची असतात. ती ८ ला मोठी केली की कडेला पत्राच उरत नाही आणि कडी तिथूनच फाटते. म्हणून आधी जाड पट्टीची कडी घ्यायची, मग बोल्ट.

चौकटीच्या बाजूला आरपार जाता येत नाही. तिथे ७५ मिमीचे स्क्रू, आधी बारीक ड्रिल मारून. नाहीतर चौकट चिरते आणि जुन्यापेक्षा वाईट अवस्था होते. शक्य असेल तर चौकटीतून थेट भिंतीत जाणारे अँकर फास्टनर. दार भक्कम आणि चौकटीतला भाग दोन लहान स्क्रूंवर असेल, तर ताकद दोन लहान स्क्रूंचीच.

बाहेर लटकलेलं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' ही पाटी. मुख्य दाराला आतून बसणारं लॉक घ्या, पण नुसतं लॅच नको. दार ढकललं की आपोआप बसतं त्या लॅचची जीभ स्प्रिंगची असते, पातळ पट्टी सारून ती मागे जाते. किल्ली फिरवल्यावर चौकोनी डेडबोल्ट बाहेर येतो का, ते दुकानातच पाहा. आणि घरातून निघताना किल्ली खरंच फिरवा. नुसतं ओढून घेतलेलं दार म्हणजे लॅचच.

रो-हाऊसचं खरं दुखणं गच्ची. गच्च्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एका रिकाम्या घराच्या पाइपावरून वर आलं की ओळीतल्या सगळ्या घरांच्या जिन्याची दारं समोर. ते दार बहुतेक ठिकाणी पीव्हीसीचं किंवा पत्र्याचं, सहा इंची टॉवर बोल्टवर. तिथे जुना अडसरच घाला: दोन्ही बाजूंना भिंतीत ब्रॅकेट आणि आतून आडवा २५ मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप. मोरीकडच्या मागच्या दारालाही तेच. घराबाहेर पडायला एक मुख्य दार पुरतं, बाकी दारं आतून बंद असलेली बरी.

खिडकीचं ग्रिल बाहेरून स्क्रूने बसवलेलं असेल तर स्क्रूच्या डोक्यावर वेल्डिंगचा एकेक ठिपका द्या. आणि कपाटाची किल्ली कपाटावर, घराची किल्ली कुंडीखाली हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, चोरांनाही.

---

स्टेशनडायरी

अर्ज आणि गुन्हा, दोन्हींवर लिहितो. लांबेल.

अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे. ते पोलीस निरीक्षक असतील किंवा सहायक पोलीस निरीक्षक. प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज पुढच्या महिन्यात सापडत नाही.

'परिसरात गस्त वाढवावी' असं लिहू नका. त्याला 'गस्त सुरू आहे' हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटंही नसतं. गाडी हायवेवरून जाते, तुमच्या आतल्या गल्लीत वळत नाही. म्हणून मोजता येईल असं मागा. बऱ्याच जिल्ह्यांत गस्तीच्या ठिकाणी क्यूआर कोड किंवा आरएफआयडी टॅग लावलेले असतात. गस्तीवरचा अंमलदार तिथे जाऊन स्कॅन करतो, वेळ आणि जागा नोंदली जाते. तुमच्या वसाहतीत असा पॉइंट आहे का ते विचारा. नसेल तर दोन मागा, एक फाटकाशी आणि एक मागच्या बाजूला शेताकडे. फाटकाशी एकच लावला तर स्कॅन करून गाडी तिथूनच फिरते.

अर्जाचा मजकूर एवढा पुरे (बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एका अंमलदाराकडे सोपवलेला भाग):

'आमची वसाहत अमुक ग्रामपंचायत हद्दीत, अमुक बीटमध्ये आहे. घरे ६४. दिनांक अमुक ते अमुक या काळात अंदाजे ३० घरे बंद राहणार आहेत. नकाशा सोबत जोडला आहे. फाटक व मागील रस्ता येथे रात्रगस्तीचे दोन पॉइंट घ्यावेत, बीट अंमलदारांचे नाव व संपर्क क्रमांक फाटकावर लावण्यास मिळावा, व बंद घरांची यादी बीट अंमलदारांनी स्वीकारावी, ही विनंती. वसाहतीतर्फे संपर्कासाठी दोन व्यक्तींची नावे व क्रमांक खाली दिले आहेत.'

बीट कोणता ते अर्ज लिहिण्याआधी ठाणे अंमलदाराला विचारून घ्या. नकाशा हाताने काढलेला चालतो, पण घर क्रमांक, खांब आणि पडकं कुंपण दिसलं पाहिजे.

बंद घरांची यादी कागदावर, हातात. घर क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, किल्ली कुणाकडे, कोणता दिवा चालू राहणार, दारात कोणती गाडी उभी राहणार. ही यादी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर ती चोरासाठीच तयार केल्यासारखं आहे. परत आलात की बीट अंमलदाराला कळवून नाव काढून घ्या. जुनी नावं राहिली की पुढच्या वेळी यादी कुणी गंभीरपणे घेत नाही.

रात्री काही घडत असेल तर ठाण्याच्या लँडलाइनवर वेळ घालवू नका, ११२ लावा. हा कॉल आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून जिल्हा नियंत्रण कक्षाकडे आणि मग जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर. म्हणजे पहिला ऐकणारा माणूस तुमच्या गावचा नसतो. 'वडगाव' म्हणालात तर राज्यात वडगावं ढिगाने आहेत. क्रम असा ठेवा: जिल्हा, तालुका, गाव, हायवेवरची ठळक खूण, मग घर क्रमांक, मग काय चाललंय. हे वाक्य लिहून घराघरात फोनजवळ चिकटवा. घाबरलेला माणूस आधी गोष्ट सांगतो आणि पत्ता शेवटी.

आता 'तक्रार अर्ज देऊन ठेवा' याबद्दल. ते बरोबर नाही.

दार फोडून घरात शिरून चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ प्रमाणे दिवसा घरफोडी करून चोरी असेल तर १० वर्षांपर्यंत, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान असेल तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीसाठी कलम ३०५ वेगळं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, पण ती तीन वर्षे किंवा अधिक आणि सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. घरफोडी त्यात बसत नाही. म्हणजे 'चौकशी करून मग बघू' याला जागाच नाही. फिर्याद घेतली जायला हवी, गुन्हा रजिस्टर नंबर पडायला हवा आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला तिथेच, विनामूल्य. हद्दीचा वाद निघाला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. तुमची वसाहत हद्दीवर असेल तर हे उपयोगी पडेल.

तरीही घेतली नाही तर आधी उपविभागीय अधिकाऱ्यांना भेटा, बहुतेक वेळा तिथेच सुटतं. नाहीच तर तीच हकीकत लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची. ती कलम १७३(४) ची पायरी आहे. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. टपालाची पावती जपा. ती नसेल तर कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. आणि पोर्टलवर केलेली ऑनलाइन तक्रार म्हणजे एफआयआर झाला असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवरही तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, तेव्हा ती नोंदीवर येते.

फिर्यादीत लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, वेळ. 'रात्री दोनच्या सुमारास' असं अंदाजाने सांगून टाकतात आणि मग कॅमेऱ्यात वेगळंच दिसतं. तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच सांगा: अमुक तारखेला इतक्या वाजता कुलूप लावलं, अमुक तारखेला इतक्या वाजता शेजाऱ्याने उघडं पाहिलं. दोन, दागिने. 'चार तोळ्यांचं गंठण' पुरत नाही. वजन ग्रॅममध्ये, घडण, डाग दिलेली जागा, तुटलेली कडी, पावती असेल तर पावती. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असतो. तो आजच भिंगाने वाचून, फोटो काढून लिहून ठेवा आणि गरज पडली तर फिर्यादीत घाला. सोनं वितळवलं तर काहीच उरत नाही, पण अख्खं सापडलं तर तेच गंठण तुमचं हे सिद्ध करायला त्याहून सरळ पुरावा नाही.

दोन दिवसांनी आणखी वस्तू गेल्याचं लक्षात आलं तर पुरवणी जबाब द्या. आणि आकडा फुगवू नका. विम्याच्या दाव्यात एफआयआर, पंचनामा आणि पावत्या शेजारी ठेवून वाचतात.

पोलीस येईपर्यंत घरात शिरून कपाट लावायला घेणं, हा सगळ्यात मोठा घात. बोटांचे ठसे गुळगुळीत पृष्ठभागावर मिळतात: स्टीलचं कपाट, लॉकरचा दरवाजा, काच, फरशी. नेमकं तिथेच घरातली चार माणसं हात लावून बसतात. उचकटलेला कोयंडा उचलू नका. मागच्या अंगणातून वावरू नका, श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतं, तोवर शेजारपाजार तिथून दहा वेळा फिरलेला असतो. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आली आहे. राज्यांना ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. तुमच्याकडे मोबाइल फॉरेन्सिक व्हॅन येते का ते विचारायला हरकत नाही.

तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणं आता कायद्यातच आहे. आरोपी मिळालाच नाही तर 'अ समरी' होते: गुन्हा खरा, तपास लागला नाही. गाडी चोरीच्या विम्याला हा कागद बहुधा मागतातच, तो कोर्टातून मिळतो. माल सापडला तर तो ठाण्यातून परस्पर मिळत नाही, कोर्टात अर्ज करून बंधपत्रावर सुटतो.

---

बुलेटकॅमेरा

आठ कॅमेरे म्हटल्यावर विक्रेता गल्लीभर आठ 'वाइड अँगल' लावून देईल. सगळं दिसेल, ओळखू कुणी येणार नाही.

हिशोब असा. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा तर चित्रात एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी नको. २.८ मिमी लेन्स सहा मीटरवर जवळजवळ चौदा मीटर रुंदी पकडते, म्हणजे मीटरला १३५-१४० पिक्सेल. ओळखीचा माणूस चालीवरून ओळखाल, परका नाही. फाटकाला ६ मिमी लेन्स घ्या, तेवढ्याच अंतरावर ती सहा मीटर रुंदी पकडते. दोन ६ मिमीचे फाटकाला (एक आत येणाऱ्याचा, एक बाहेर जाणाऱ्याचा चेहरा), एक मागच्या रस्त्याला, बाकीचे वाइड.

उंची आठ-नऊ फूट. वीस फुटांच्या खांबावरून टोप्या आणि टक्कल छान दिसतात.

गाडीचा नंबर त्याच कॅमेऱ्यात मिळेल ही आशा सोडा. रात्री हेडलाइटने चित्र पांढरं होतं. नंबरसाठी वेगळा कॅमेरा, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, गाडीच्या मागच्या बाजूला रोखलेला, आणि तिथे गतिरोधक.

साठवण सुट्टीवर ठरते. माणसं पंधरा दिवस गावाला जातात, चोरी परत आल्यावर कळते आणि रेकॉर्डरमध्ये सात दिवसांचंच चित्रण असतं. २ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे १७३ जीबी. ४ टीबी डिस्क २३ दिवस पुरते, ६ टीबी ३४ दिवस. ६ घ्या, तीही सीसीटीव्हीसाठीची. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यात लवकर जाते.

केबल कॅट-६, पण एका टप्प्यात १०० मीटरच्या आत. तुमची ६४ घरांची गल्ली त्याहून लांब असणार, मध्ये पीओई स्विच (त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही देणारा) लागेल आणि त्यालाही यूपीएस. वीज गेली की कॅमेरे गेले, मग बाकीच्या खर्चाला अर्थ राहत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस पाऊण तास ओढतो, भारनियमन जास्त असेल तर इन्व्हर्टरवर टाका.

रेकॉर्डर चौकीदाराच्या खोलीत ठेवू नका. चोर रेकॉर्डरच (डीव्हीआर) काढून नेतात हे आता नेहमीचं झालंय. एखाद्या राहत्या घरात माळ्यावर, जाळीच्या लोखंडी पेटीत ठेवा.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाडूने कोळिष्टकं काढा. इन्फ्रारेड दिव्यासमोर एक तंतू आला की रात्रभर चित्र पांढरं आणि तोच हलल्यामुळे मोबाइलवर रात्रभर अलर्ट. मग लोक अलर्ट बंद करतात.

पुरावा म्हणून द्यायचं तर रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपात पेन ड्राइव्हवर काढा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपवरून आलेला पुरावा म्हणून टिकवणं कठीण. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) येते. भाग 'अ' वर रेकॉर्डर ज्याच्या ताब्यात त्याची सही, भाग 'ब' वर तज्ज्ञाची. रेकॉर्डरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते पंचनाम्यातच लिहून घ्या. अकरा मिनिटांचा फरक राहिला की बचावाचा वकील त्याच अकरा मिनिटांत राहायला जातो.

---

रोहाऊस_सचिव

खूपच उपयोगी. एक राहिलं. तरुण मंडळींचा आग्रह आहे की पाच-पाच जणांच्या तुकड्या करून काठ्या घेऊन रात्री फिरायचं, अनोळखी दिसला की अडवून झडती घ्यायची. ग्रुपवर रात्री उडणाऱ्या ड्रोनचे व्हिडिओही फिरतायत. हे कुठवर चालेल?

---

जागल्या

फिरणं चालेल. अडवणं, झडती, मारणं चालणार नाही.

खासगी माणसाला अटक करता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, पण ती त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा फरारी घोषित झालेल्याला. पकडलं की विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. 'संशयास्पद फिरत होता' हा गुन्हा नाही. त्याला रस्त्यात रोखून धरलं तर गुन्हा तुमच्यावर, न्याय संहितेचं कलम १२६. खोलीत कोंडलं तर १२७.

आणि रात्री काठ्या, जमाव आणि व्हॉट्सॲप एकत्र आले की काय होतं ते आपल्याच राज्यात झालंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा: मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले: चोर आल्याच्या अफवांनी गावं रात्री जागत होती, दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. दोन्हीकडे आधी अफवा होत्या. पालांवर राहणारी, ऊसतोडीला आलेली, भंगार वेचणारी माणसं पहिल्यांदा संशयात येतात. त्यांना नावं ठेवून पहारा सुरू करणार असाल तर करू नका. आता न्याय संहितेच्या कलम १०३(२) प्रमाणे जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी आहे. तुमच्या तुकडीत पाचच जण आहेत.

करायचंच तर ठाण्यामार्फत करा. ग्रामपंचायत हद्द आहे म्हणजे पोलीस पाटील असतील, त्यांच्याकडून सुरुवात करा आणि ग्राम सुरक्षा दलात नावं द्या. फिरणाऱ्यांची यादी, आधार प्रत, फोटो ठाण्यात. दोघादोघांची जोडी, पाचांची टोळी नको. टॉर्च, शिट्टी, चमकणारं जाकीट. काठी कुत्र्यांपुरती, आणि दारू प्यायलेला कुणीही जोडीत नको, हे यादी करतानाच स्पष्ट सांगा. लोक उत्साहाने दहा ते बारा फिरतात आणि झोपतात. रात्री एक ते चार सांभाळा.

अनोळखी दिसला तर लांबून दोनच प्रश्न: कुणाकडे आलात, घर क्रमांक काय. उत्तर नीट नसेल तर वाट मोकळी ठेवा, गाडीचा नंबर, कपडे, गेल्याची दिशा लिहा आणि ११२. गाडीचा नंबर पोलिसांना काठीपेक्षा जास्त कामाचा.

बऱ्याच तालुक्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. एका टोल फ्री क्रमांकावर बोललेला निरोप नोंदणी केलेल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. तुमच्याकडे आहे का ते पोलीस पाटलांना विचारा. व्हॉट्सॲपपेक्षा बरं, कारण झोपलेला माणूस मेसेजने उठत नाही आणि तो निरोप फॉरवर्डही होत नाही. ड्रोनचे व्हिडिओ ग्रुपवर बंद करा. कुणाला खरंच दिसलं तर वेळ, दिशा आणि मूळ व्हिडिओ बीट अंमलदाराला.

---

पदराचीगाठ

घरात राहिलेल्या वयस्कर बायकांचंही बघा. भर दिवसा, साध्या कपड्यांतले दोघं मोटारसायकलवर: 'आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा मावशी.' गाठ तेच बांधून देतात. घरी उघडली की आत खडे. खरा पोलीस कुणालाही रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. 'ठाण्यात येऊन काढते' एवढं म्हणून जवळच्या दुकानात शिरायचं आणि ११२. दागिना-भांडी चमकवून देणाऱ्या पावडरवाल्यालाही फाटकातूनच परत पाठवा.

---

स्टेशनडायरी

आणखी थोडं. मोबाइल गेला तर 'गहाळ' आणि 'चोरी' यात फरक करा. हिसकावला किंवा घरातून गेला असेल तर गहाळ दाखला घेऊन परत येऊ नका, फिर्याद द्या. एक खाच आहे: साधी चोरी पाच हजारांच्या आतली असेल तर नव्या कायद्यात ती अदखलपात्र आहे, तिथे एनसीच (अदखलपात्र नोंद) होते. घरातून झालेल्या चोरीला ती सवलत नाही. ठाण्याच्या कागदाची प्रत घेऊन संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. त्यासाठी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम आधी घ्या, ओटीपी त्यावर येतो. आयएमईआय आजच *#०६# दाबून लिहून ठेवा.

आणि बंद पथदिव्यांचं दोन ठिकाणी लागतं: दिवा आणि फिटिंग ग्रामपंचायतीचं, तार आणि पुरवठा महावितरणचा. खांब क्रमांक घालून दोन्हीकडे अर्ज द्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

---

रोहाऊस_सचिव

अर्जाचा मजकूर तसाच घेतोय. कडीकोयंडा, आमच्या चाळीसेक घरांच्या चौकटी दुमडलेल्या पत्र्याच्या आहेत, लाकडी नाहीत. तिथे स्क्रू धरेल का?

---

कडीकोयंडा

नाही धरणार. सव्वा मिमीचा पत्रा असतो, दोन आटे जेमतेम पकडतात. ६ मिमी जाडीची पट्टी चौकटीच्या बाहेरच्या तोंडावर चारी कडांनी वेल्ड करा आणि कोयंडा त्या पट्टीला वेल्ड करा, थेट पत्र्याला नको, जळून भोक पडतं. आधी चौकटीवर ठोकून बघा. पोकळ वाजली तर कोयंड्याच्या उंचीला एक भोक पाडून आत सिमेंट ग्राउट भरा, आणि वेल्डिंग ग्राउटच्या आधी करा. चाळीस घरं असतील तर फॅब्रिकेटरला एकाच दिवशी जनरेटरसकट बोलवा, घरागणिक स्वस्त पडेल. दाराला लागून लाकडी पॅनेल किंवा पडदे असतील ते आधी काढून ठेवा आणि बादलीभर पाणी जवळ ठेवा.